किल्ली कोठे आहे, हे घरात कोणाकोणास ठाऊक?

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचा राजवाडा सुमारे एक लाख दिव्यांनी उजळून निघतो. महाराष्ट्रातून सहलीस आलेली कुटुंबे तो पाहून हरखतात, छायाचित्रे काढतात, म्हैसूरपाकाचे खोके घेतात आणि परततात. आपण पाहिलेली ही देखणी वास्तू एका जळालेल्या घराच्या जागी उभी राहिलेली आहे, हे मात्र त्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात राहते.

1894 च्या डिसेंबरात महाराज चामराजेंद्र वडियार कलकत्त्याच्या मुक्कामी घटसर्पाने निवर्तले. युवराज कृष्णराज तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. राज्याचा कारभार महाराणी वाणीविलास यांनी पालक या नात्याने हाती घेतला. हे दुःख पुरते ओसरलेही नव्हते, तोच 1897 साली ज्येष्ठ राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसमारंभात राजवाड्यास आग लागली. बहुतांशी लाकडी असलेली ती जुनी वास्तू भस्मसात झाली. कर्ता पुरुष गेलेला, वारस अल्पवयीन आणि लग्नघरास लागलेली आग. तीन वर्षांच्या आत एका कुटुंबाने हे सारे पाहिले.

पुढील हकिकत अधिक उद्बोधक आहे. कुटुंब जवळच्याच जगन्मोहन राजवाड्यात राहावयास गेले. 1902 साली कृष्णराजांना राज्याधिकार मिळाले, तो समारंभही लॉर्ड कर्झन यांच्या उपस्थितीत तेथेच पार पडला. हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाकडे नव्या राजवाड्याचे काम सोपविण्यात आले. या वेळी लाकडावर भिस्त न ठेवता दगड, विटा आणि लोखंड यांचा आधार घेण्यात आला. कल्याणमंडपाचे ओतीव लोखंडाचे खांब तर थेट ग्लासगोहून आणविले गेले. 1912 साली वास्तू पूर्ण झाली. एका आगीतून सावरण्यास, राजघराणे असूनही, पंधरा वर्षे लागली.

या घराण्यास तारून नेणाऱ्या गोष्टी दोन होत्या. डोक्यावर दुसरे छप्पर होते, ही पहिली. दुसरी सहसा बोलली जात नाही. महाराज गेले तरी घराचा आणि राज्याचा व्यवहार त्यांच्याबरोबर गेला नाही. दिवाण होते, खजिनदार होते, दप्तर होते. कोणता दस्तऐवज कोठे आहे हे सांगणारी माणसे होती. सामान्य मध्यमवर्गीय घरात हे सारे पदाधिकारी एकाच व्यक्तीच्या डोक्यात वस्तीस असतात. ती व्यक्ती रुग्णालयात असेल, गावाबाहेर असेल वा जगातच नसेल, तर कपाट शाबूत असूनही घर उघड्यावर पडते. कौटुंबिक आपत्ती-सिद्धतेचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो बॅटरी, बिस्किटे आणि प्रथमोपचाराच्या पेटीपाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो.

म्हैसूर हे निवृत्तांचे शहर. हवा सौम्य, रस्ते रुंद, समुद्र दूर. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेली आणि येथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबेही या निवांतपणाच्या प्रेमात पडलेली असतात. ‘येथे काय होणार?’ असा प्रश्न विचारला जातो, त्यात उत्तराची अपेक्षा नसतेच. असाच प्रश्न 1993 पूर्वी लातूर जिल्ह्यातही विचारता आला असता. तेव्हाच्या भूकंपविषयक नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे सुमारे 10,000 माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. 2002 मध्ये त्या नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच काढून टाकण्यात आला.

म्हैसूरच्या आसपासही चित्र फारसे निराळे नाही. कावेरीचा उगम असलेल्या कोडगू जिल्ह्यात 2018 च्या ऑगस्टमध्ये डोंगर खचले आणि कॉफीच्या मळ्यांतील घरे क्षणार्धात नाहीशी झाली. त्याच पावसाळ्यात, आणि पुन्हा 2019 मध्ये, कपिला नदीने, म्हणजेच कबिनीने, म्हैसूरपासून जेमतेम 25 किलोमीटरवर असलेल्या नंजनगूडच्या सखल भागात पाणी शिरविले. शेजारच्या वायनाड जिल्ह्यात 30 जुलै 2024 च्या रात्री दरडींखाली दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या वस्त्यांमधील लोकही आदल्या संध्याकाळी दारे लावून नेहमीप्रमाणेच झोपले होते.

या शहरास दूरदृष्टीची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरीस लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादच्या पूरनियंत्रणाची योजना आखली. म्हैसूरजवळ कावेरीवरील कृष्णराजसागर धरण त्यांच्याच पुढाकाराने 1911 मध्ये सुरू झाले. 1913 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ म्हैसूरच्या पाठीशीही तेच होते. धरण आणि बँक या दोन संस्था एकाच माणसास सुचाव्यात, यात नवल नाही. सुकाळात साठवावे आणि अडचणीत सोडावे, हा दोहोंचा धर्म एकच. येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने 2018 च्या महापुरात पूरग्रस्तांसाठी तयार अन्नाची पाकिटे रवाना केली. परमुलखातील संकटासाठी शिदोरी बांधणाऱ्या या नगरीतील किती घरांत स्वतःची शिदोरी बांधलेली आहे, हा प्रश्न मात्र उरतोच.

पूर ओसरल्यावर बँकेच्या शाखेत काय येते, हे कर्मचारीवर्गास चांगले ठाऊक आहे. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर चिखलाने माखलेली पासबुके येतात. एकमेकींस चिकटलेल्या ठेव पावत्या येतात. डाळीच्या डब्यात जपून ठेवलेल्या, लगदा झालेल्या नोटा येतात. या शेवटच्या गोष्टीविषयी ग्राहकांत पुष्कळ गैरसमज आहेत. 50 रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या फाटक्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल, तर तिचे पूर्ण मूल्य मिळते. 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे आणि त्याहून कमी असेल तर काहीच मिळत नाही. अतिशय ठिसूळ झालेल्या, जळालेल्या किंवा सुट्या करता येणार नाहीत इतक्या चिकटलेल्या नोटा शाखेत बदलून मिळत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा नोटा छापण्याचा कारखाना म्हैसुरातच आहे; पण नोट छापली जाते त्या गावातही डब्यातील नोटेस वेगळा न्याय नाही. म्हणून घरात थोडी रोकड असावी, ती लहान नोटांत असावी आणि जलरोधक पिशवीत असावी. वीज आणि भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले की दूधवाल्यास ‘क्यूआर’ दाखवून उपयोग नसतो. याउलट, आयुष्याची पुंजी डब्यात ठेवणे म्हणजे पुराच्या वाटेवर घर बांधणे होय.

‘आमचे सर्व लॉकरमध्ये आहे’ असे सांगणारेही ग्राहक असतात. त्यांनी लॉकरचा करारनामा एकदा शांतपणे वाचावा. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. भूकंप, पूर, वीज कोसळणे अशा नैसर्गिक कोपाबद्दल मात्र, बँकेची निष्काळजी नसल्यास, ते दायित्व नाही. कप्प्यात काय ठेवले आहे याची नोंद बँकेकडे नसते आणि त्या ऐवजाचा विमाही बँक उतरवीत नाही. हे वाचून लॉकर बंद करण्याचे कारण नाही. कप्प्यातील कागद पाणी जाणार नाही अशा पाकिटात ठेवावेत आणि दागिन्यांची यादी व छायाचित्रे अन्यत्र ठेवावीत, इतकाच याचा अर्थ.

विम्याविषयी थोडे. 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. आग, भूकंप, पूर, दरड हे सारे धोके तिच्यात समाविष्ट आहेत. वाहनाचा विमा कायद्याच्या धाकाने उतरविणारा गृहस्थ, त्या वाहनाहून कितीतरी पट किमतीच्या घराचा विमा उतरवीत नाही, हे कोडे वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सुटण्यासारखे नाही. वर्षास 20 रुपयांत मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नैसर्गिक आपत्तीतील मृत्यू वा अपंगत्वही धरले जाते. पण आपल्या खात्यातून दरवर्षी ते 20 रुपये वजा होतात, याचा घरातील इतरांना पत्ताच नसेल, तर दावा करणार कोण?

येथे मूळ मुद्दा पुन्हा समोर येतो. दहा वर्षे कोणीही न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. वारसांना त्या पुढेही मागता येतात आणि 2023 पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर त्यांचा शोधही घेता येतो. तथापि या रकमांमागे किती घरे अशी असतील, की जेथे वडिलांनी पै-पै साठविली आणि मुलांस बँकेचे नावही सांगितले नाही! अशा घरास पूर वा भूकंप लागत नाही. छातीतील एक कळ पुरते.

‘घरातल्यांना सारे सांगितले तर उधळपट्टी होते, भाऊबंदकी माजते’ हा आक्षेप नेहमीचा आहे, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असेही नाही. परंतु खात्यात किती आहे हे सांगणे वेगळे आणि खाते कोठे आहे हे सांगणे वेगळे. आकडा गुप्त राहू द्यावा; पत्ता राहू नये. ‘मरणाची भाषा घरात नको, अभद्र असते’ हा दुसरा आक्षेप स्त्रियांच्या तोंडी घातला जातो. काढणारे मात्र बहुधा पुरुष असतात. म्हैसूरच्या महाराणींनी पालकत्वाचा भार उचलला, तेव्हा असली भाषा टाळण्याची सोय त्यांस नव्हती.

बँकांनीही स्वतःकडे पाहावयास हवे. खाते उघडताना नामनिर्देशनाचा रकाना घाईघाईने भरून घेतला जातो, कधी कोराच सोडून दिला जातो, आणि विवाह, घटस्फोट, मृत्यू यांनंतर तो बदलला का, हे क्वचितच विचारले जाते. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवखात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. त्यांना हिस्से ठरवून देता येतात किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो. लॉकरसाठी केवळ क्रमच लावता येतो. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, वारसाहक्क तिने बदलत नाही, हेही खिडकीवरच दोन वाक्यांत सांगता येते. नवीन ठेव मिळविण्यासाठी खर्च होणाऱ्या श्रमांचा दहावा हिस्सा जुन्या खात्यांतील हा रकाना भरण्यावर खर्च झाला, तर कितीतरी विधवांच्या फेऱ्या वाचतील.

घराने करावयाचे काम फार नाही. एक साधी दोनशे पानी वही पुरेशी आहे. तीत बँका व शाखा, विम्याच्या पॉलिसी, घराचे खरेदीखत कोठे आहे ते, गॅसजोडणीचा क्रमांक, वृद्धांची औषधे व मात्रा, डॉक्टरांचे आणि दूरच्या दोन नातलगांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. संकेतशब्द आणि एटीएमचा पिन मात्र लिहू नये. वहीची एक प्रत परगावच्या विश्वासू नातलगाकडे असावी; म्हैसूरच्या कुटुंबाने ती पुण्यास ठेवावी, पुण्याच्या कुटुंबाने म्हैसुरास. महत्त्वाची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तर उत्तमच. मात्र ज्या भ्रमणध्वनीवर ते उघडते तो पाण्यात जाऊ शकतो, हे विसरू नये. मुलांना 112 हा क्रमांक आणि आईचा क्रमांक तोंडपाठ असावा. मुख्य वीजकळ आणि गॅसचा रेग्युलेटर घरातील प्रत्येकास, दहा वर्षांच्या मुलासही, बंद करता यावा. घर सोडावे लागल्यास एकत्र कोठे जमावयाचे, म्हणजे आपले जगन्मोहन कोणते, हे आधीच ठरलेले असावे.

आणि यासाठी मुहूर्तही सापडण्यासारखा आहे. म्हैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेस घरोघर वाहने धुतली जातात, हत्यारे पुसली जातात, वह्या-पुस्तके देवापुढे मांडली जातात. महाराष्ट्रात हीच खंडेनवमी. त्या दिवशी हीही वही कपाटातून काढावी, हळदकुंकू वाहावे आणि पूजेनंतर सर्वांनी मिळून उघडावी. मोडलेल्या ठेवीच्या ओळीवर काट मारावी, बदललेला दूरध्वनी क्रमांक नव्याने लिहावा आणि लॉकरची किल्ली कोठे असते, ते घरातील सर्वांत लहान सज्ञान माणसाकडून एकदा वदवून घ्यावे.