बूट कुणाच्या मापाचा?

मैत्रिणींनो,

या वेळचं संपादकीय बर्फावरच्या हॉकीच्या बुटांबद्दल आहे. पोटगीच्या तारखा, रेशन कार्डावरची नावं, रात्री-अपरात्री दार वाजवणाऱ्या बायका यांतून उसंत नसताना हा कुठला विषय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर कॅनडात ताईकडे होते. तिथे घडलेली एक साधी गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. ती सांगता सांगता आपल्या कामाबद्दलही थोडं बोलता येईल, म्हणून लिहिते आहे.

ताईला दोन मुलं. मुलगा १५ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची. आपल्याकडे क्रिकेटचं जे स्थान, ते तिथे आइस हॉकीचं. मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून खेळतो. मुलीने मागच्या वर्षी हट्ट करून नाव घातलं. पहिल्याच रविवारी मी तिचा सराव बघायला गेले. बाकीच्या मुली भिंगरीसारख्या फिरत होत्या आणि आमची पोर दर दोन मिनिटांनी खाली. उभी राहिली की दोन्ही घोटे आतल्या बाजूला कलायचे. परत येताना गाडीत रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, माझे अँकल्सच वीक आहेत. कोच म्हणतात, व्यायाम कर." ताई म्हणाली, "आपल्याकडच्या मुलींची हाडंच नाजूक गं. मी तर हिला म्हणते, बॅडमिंटन खेळ."

घरी आल्यावर मी तिचे स्केट हातात घेतले. ते तिच्या दादाचे होते, तीन वर्षांपूर्वी त्याला लहान झालेले. घोट्यापाशी मऊ पडलेले. पाय आत हलू नये म्हणून ती दोन जाड लोकरी मोजे घालायची आणि नाड्या इतक्या करकचून आवळायची की पावलावर वळ उठायचे. मी विचारलं, "हे हिच्या मापाचे आहेत का?" भावोजी म्हणाले, "थोडे मोठे आहेत. पण वाढतं वय आहे, होतील बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी भाचीला घेऊन हॉकीच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे काम करणारी मुलगी स्वतः कॉलेजच्या संघात खेळणारी होती. तिने भाचीला तेच जुने स्केट घालायला लावले, गुडघे वाकवून पुढे झुकायला सांगितलं आणि टाचेच्या मागे बोट घातलं. एक बोट गेलं, दुसरंही गेलं. ती शांतपणे म्हणाली, "हिच्या घोट्यांना काहीही झालेलं नाही. बूट मोठा आहे."

मग पुढचा अर्धा तास तिने आम्हाला जे शिकवलं ते मी वहीत लिहून घेतलं. ते इथे देते, कारण परदेशातल्या आपल्या कितीतरी मैत्रिणींच्या मुली आता हा खेळ खेळतात, आणि आपल्या लडाखमधल्या मुलीही खेळतात.

पहिली गोष्ट, आकडा. हॉकीच्या स्केटवरचा आकडा पुरुषांच्या बुटांच्या मापावरून आलेला आहे, आणि तोही रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान असतो. बाईला आधी आपला नंबर पुरुषांच्या मापात बदलायचा, म्हणजे दीड-दोन कमी करायचे, आणि मग आणखी एक-दीड कमी करायचा. भाचीचा रोजचा बूट तिथल्या बायकांच्या मापात सहा नंबरचा. पाऊल मोजलं तर २३ सेंटिमीटर. तिला हवा होता तीन किंवा साडेतीन नंबरचा स्केट, आणि दादाचा जोड होता पाच नंबरचा. म्हणून पाऊल नेहमी सेंटिमीटरमध्ये मोजावं, उभं राहून, दोन्ही पायांचं. दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठा पाय धरून माप घ्यायचं आणि मग त्या कंपनीचा तक्ता बघायचा, कारण कंपनीगणिक माप थोडं बदलतं.

दुसरी गोष्ट, पाऊल म्हणजे नुसती लांबी नव्हे. चवड्याची रुंदी, टाचेची रुंदी आणि पायाच्या वरच्या बाजूची उंची, तिन्ही बघावी लागतात. एकाच लांबीचं बाईचं पाऊल आणि पुरुषाचं पाऊल सारखं नसतं. बाईची टाच चवड्याच्या मानाने सहसा अरुंद असते. लांबी बरोबर असूनही टाच आत सुटी राहिली, तर प्रत्येक पावलाला ती वर उचलली जाते, कातडी सोलवटते आणि घोटा कलतो. म्हणून बऱ्याच कंपन्या एकाच नंबरात अरुंद, मध्यम आणि रुंद असे प्रकार ठेवतात. ते मागून घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट, घालून बघणं. एकच पातळ मोजा घालायचा. नाड्या पूर्ण सैल करून पाय आत सरकवायचा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची. नाड्या बांधण्याआधी बुटाची जीभ पुढे ओढायची आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती पायाला न टेकता दोन्ही कडांवर बसली तर खोली पुरेशी. पायाला टेकून डुगडुगली तर बूट उथळ आहे, पुढे नाडी पायावर काचणार. मग खालून वर बेताने नाड्या बांधून सरळ उभं राहायचं. अंगठा पुढच्या टोपीला जेमतेम शिवला पाहिजे, वळता कामा नये. गुडघे वाकवले की बोटं किंचित मागे येतात आणि टाच घट्ट बसते. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहायचं. सगळीकडे सारखा दाब जाणवला तर माप बरोबर. एकाच जागी कळ आली किंवा बोटं बधिर झाली तर नाही.

नवे बूट दुकानातल्या भट्टीत काही मिनिटं गरम करून पायावर बसवून देतात. त्याने बूट पायाचा आकार घेतो, पण मोठा बूट लहान होत नाही. नव्या पात्याला धार नसते, तीही लावून घ्यावी लागते. आणि वाढत्या मुलीसाठी फार तर अर्धा नंबर मोठा चालतो. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून घेतलेला बूट या वर्षीचा खेळ घालवतो.

दुकानात स्वस्त जोड शंभर डॉलरच्या आतही होता आणि सगळ्यात महाग हजारावर. आम्ही मधला, वापरलेला पण तिच्या मापाचा जोड घेतला. पुढच्या रविवारी भाची बर्फावर उतरली. ती काही एका दिवसात खेळाडू झाली नाही. पडलीही दोनदा. पण घोटे सरळ होते. बाहेर येऊन तिने एवढंच विचारलं, "मावशी, मग मला वीक का म्हणाले सगळे?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर त्या घरापुरतं नाही. रात्री मी ताईला विचारलं, मुलाला दर वर्षी मापाचे बूट आणि मुलीला उतरलेले, असं का? ती आधी चिडली. म्हणाली, "पैसे झाडाला लागत नाहीत, आणि तो सीरियसली खेळतो." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "ही सीरियसली खेळेल की नाही, हे बघायला आम्ही थांबलोच नाही." माझी ताई मुलीवर प्रेम न करणारी आई नाही. तिने आणि मी लहानपणी दादाचेच कॅनव्हासचे बूट पुढे कापूस कोंबून घातले होते. आम्हाला कुणी ते अन्यायाचं म्हणून दाखवलं नाही, म्हणून आम्हाला दिसलं नाही.

त्या खेळाचा इतिहास बघितला तर बायकांना तिथेही जागा भांडूनच मिळवावी लागली आहे. १९५५-५६ च्या हंगामात टोरांटोतल्या ॲबी हॉफमन या लहान मुलीने केस बारीक कापून, "ॲब" नावाने मुलांच्या संघात खेळून घेतलं. जन्मदाखला मागितला तेव्हा ती मुलगी असल्याचं कळलं. हीच मुलगी पुढे धावपटू म्हणून चार ऑलिंपिक खेळली. जस्टिन ब्लेनी या मुलीला मुलांच्या संघात खेळू देत नव्हते. तिने कोर्टात लढा दिला आणि १९८६ मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टाने, खेळात लिंगभेदाला मोकळीक देणारं कायद्यातलं कलमच रद्द केलं. १९९० मध्ये ओटावाला बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा कॅनडाच्या संघाला गुलाबी पोशाख दिला होता. ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी आली १९९८ साली, नागानोला. आणि तिथल्या बायकांची नवी व्यावसायिक लीग खेळू लागली जानेवारी २०२४ मध्ये. दार उघडायला एवढी वर्षं लागली. पण दार उघडल्यावर आत येणारीच्या पायात काय आहे, हा प्रश्न उरतोच.

आपल्या देशात तो प्रश्न लडाखच्या मुलींनी सोसला आहे. तिथे सैन्यातल्या जवानांमुळे हा खेळ रुजला, आणि सुरुवातीला लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून लोक खेळत. मुलींच्या वाट्याला मुलांकडून मागून आणलेले स्केट येत. मागून आणलेला बूट कुणाच्या मापाचा असणार? साडेतीन हजार मीटर उंचीवर, हिवाळ्यातले जेमतेम दोन महिने टिकणाऱ्या नैसर्गिक बर्फावर त्या शिकल्या. बहुतांश लडाखी मुलींचा भारतीय संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला पहिला विजय मिळाला. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाची नामवंत खेळाडू हेली विकेनहायझर लेहला आली ती मुलींसाठी खेळाचं साहित्य घेऊन. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला झालेल्या आशिया कप स्पर्धेत या संघाने कांस्यपदक मिळवलं. त्या पदकाचं कौतुक करताना "मुली किती चिवट!" असं आपण म्हणतो. चिवट आहेतच. पण दुसऱ्याच्या बुटात उभं राहायला लागलेली ताकद खेळायला वापरता आली असती, हेही म्हणायला हवं.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका शहरातल्या सफाई कामगार बायकांच्या वस्तीत काम करत होते. तक्रार अशी होती की बायकांना गमबूट दिले तरी त्या घालत नाहीत. मुकादम म्हणायचा, "बायकांना सवयच नाही." मी बैठका घेतल्या, आरोग्याचे तक्ते दाखवले, आणि अहवालात लिहिलं, "महिलांमध्ये सुरक्षा साधनांबाबत जाणीवजागृतीची गरज आहे." एक वयस्क बाई बैठकीत म्हणाली होती, "ताई, माझं पाऊल बघा आणि हा बूट बघा." सगळ्या हसल्या. मीही हसले. कंत्राटदाराने आठ आणि नऊ नंबरचेच गमबूट आणले होते. तिचं पाऊल असेल चार-पाच नंबरचं. ओल्या कचऱ्यात तो बूट पायातून निसटायचा, पाणी भरायचं, ती पडायची. ती रोज खरं सांगत होती, आणि समाजकार्यात एम. ए. झालेल्या मला ते अहवालात लिहावंसं वाटलं नाही. त्या दुकानातल्या मुलीने टाचेमागे बोट घातलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही बाई.

"आत्मविश्वास कमी आहे", "सवय नाही", "मानसिकता बदलायला हवी", ही वाक्यं आपल्या अहवालांत सहज येतात. कधी ती खरीही असतात. पण ती लिहिण्याआधी बाईला दिलेली वस्तू हातात घेऊन बघायची शिस्त आपण लावून घेऊ या. मुलींच्या शाळेत, क्रीडा मंडळात, कामाच्या ठिकाणी जिथे जिथे बूट, हातमोजे, हेल्मेट, पट्टे वाटले जातात, तिथे तीन प्रश्न विचारू या. मापं कुणाची घेतली? बायकांच्या मापाचे किती आणले? बसले नाहीत तर बदलून मिळतात का? उत्तर लेखी मागू या. आणि वाटपाच्या दिवशी एक साधी मोजपट्टी सोबत नेऊ या. भिंतीला टाच टेकवून उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं, एवढंच काम आहे.

तुमच्या गटाने अशी पाहणी केली तर पुढच्या अंकासाठी जरूर कळवा. कुणाचं माप निघालं, काय दिलं होतं, काय बदललं, ते सगळं लिहा. चार ओळींचं पत्रही चालेल.

भाचीचा परवाच फोन आला होता. दादाचे जुने स्केट तिने स्वतः नेऊन मुलांच्या सामानाच्या देवाणघेवाणीत दिले. देताना आत एक चिठ्ठी ठेवली : "आधी पाय मोजा."

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

सस्नेह,
संपादक मंडळाच्या वतीने