पन्नास वर्षांची गाडी : त्यांची ठेव, आपले भंगार



गाडी म्हातारी झाली म्हणजे तिचे काय होते, हे ती कोणाच्या दारात उभी आहे त्यावर ठरते. बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असली तर ती 'व्हिंटेज' होते. लिंबाखाली उभी असली तर भंगार.

ही आमची थट्टा नाही, कायदा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत एक नवे प्रकरण घातले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' अशी खास अक्षरे. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, रोजच्या कामाला मात्र नाही. हौसेला आमची ना नाही. ज्याला परवडते त्याने आजोबांची मोटार पुसून ठेवावी. पण नियम नीट वाचा. त्यात दुचाकी आहे आणि माणसे बसवणारी चारचाकी आहे. मालगाडी नाही. ज्या गाडीने पन्नास वर्षे ज्वारीची पोती आणि कापसाची बोंदरी वाहिली, ती कितीही म्हातारी झाली तरी या देशाच्या लेखी तिला वय मिळते, मान मिळत नाही.

आमच्या वस्तीवर अशी एक गाडी आहे. महिंद्राची एफसी-१५०, नोंद १९७२ सालची, दुष्काळाच्या वर्षातली. पुढे सपाट तोंड, केबिनीत मधोमध झाकण, झाकण उचलले की खाली इंजिन. उन्हाळ्यात चालवणाऱ्याचे पाय भाजतात म्हणून शेजारी बसायला कोणी राजी नसे. एका सरकारी खात्याच्या लिलावात ती वडिलांनी घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. कडबा, दुधाची कॅने, टंचाईच्या वर्षात पाण्याची पिंपे, एकदा तर अडलेली म्हैस, सगळे तिने वाहिले. मग ती दहा-अकरा वर्षे उभी राहिली आणि आम्ही दोघा भावांनी आणि शेजारच्या पोराने ती पुन्हा उभी केली. कशी, ते सांगतो, कारण अशा गाड्या सुप्याकडच्या आणि लोणी भापकरकडच्या जिरायत गावांत अजून दिसतात आणि भंगारवाला त्यांच्याभोवती घिरट्या घालतो आहे.

पहिली गोष्ट, घाईने सेल्फ मारायचा नाही. बरीच वर्षे उभ्या इंजिनाची रिंग बोअरला गंजून धरलेली असते. प्लग काढून प्रत्येक भोकात रॉकेल आणि ऑईल मिसळून ओतायचे आणि आठ दिवस विसरून जायचे. नंतर हँडल लावून हाताने, झटका न देता, हलवून बघायचे. आमचे नवव्या दिवशी हलले. टाकीत मूठभर खडी आणि थोडे डिझेल घालून ती दोघांनी तासभर हलवली, तेव्हा विटकरी रंगाचा चिखल बाहेर आला. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्या सगळ्या नव्या ओढल्या. इथे काटकसर करू नका. जुन्या वायरीला जोड देत बसलात तर एक दिवस कडब्यासकट गाडी पेटेल.

रेडिएटरचे मात्र आमचे आम्हीच वाटोळे केले होते. आपल्या भागातले बोअरचे पाणी किती जड असते ते चहाच्या पातेल्याला विचारा. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतत आलो आणि आतल्या नळ्या पांढऱ्या थराने बुजल्या. गाडी गरम होते म्हणून मिस्त्री बदलले, गॅस्केट बदलले, दोष पाण्याचा होता. आता पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी फडक्याने गाळून दोन कॅन भरून ठेवतो, तेवढे वर्षभर पुरते. ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे.

आणि ब्रेक. रंग, हौदा, सीट सगळे नंतर. उभ्या गाडीतले मास्टर सिलिंडरचे आणि चाकांच्या सिलिंडरचे रबर वाळून गेलेले असते, वरून कळत नाही. ते सगळे नवे घाला, नवे ब्रेक ऑईल भरा आणि हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ब्रेकमध्ये इंजिन ऑईल कधीही घालू नका, रबर फुगते आणि ब्रेक धरून बसतो किंवा सुटतो. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. घरातल्या एकाने घाईत हाताला लागेल ते ऑईल ओतले होते आणि भरलेली गाडी कालव्याच्या पुलाच्या उतारावर थांबली नाही. बाभळीने अडवली म्हणून आज हे लिहितो आहोत. जुनी गाडी राखण्याची बाजू आम्ही मांडतो तेव्हा 'चालतंय की' म्हणणाऱ्याची बाजू मांडत नाही. ज्याच्या गाडीला ब्रेक नाही, ती त्याने रस्त्यावर आणू नये. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर आपलीच पोरे असतात.

मूळ पेट्रोल इंजिन वडिलांच्याच काळात निघाले. डिझेल स्वस्त होते आणि त्या काळात पेट्रोल जीप सांभाळणे शेतकऱ्याला झेपत नव्हते. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी करार करून डिझेल इंजिन आणले, त्यानंतर गावोगावच्या जीपगाड्यांत डिझेल बसू लागले. ज्यांनी असे इंजिन बदलले त्यांनी आरसी बुकात नव्या इंजिनाच्या नंबराची नोंद आहे की नाही हे आजच पाहावे. ती नसेल तर बाकी सगळे कितीही चोख असो, पासिंगला गाडी तिथेच अडते. वडिलांनी नोंद करून घेतली होती, आम्ही वाचलो.

आता मुद्द्याचे बोलू.

अनेक गावांत समज पसरवला गेला आहे, की पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी सरकारजमा, भंगारात दिलीच पाहिजे. हे खरे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले भंगार धोरण ऐच्छिक आहे. दिल्ली परिसराचा प्रश्न वेगळा. सरकारच्या स्वतःच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फेरनोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद झाली, ती सरकारी गाड्यांपुरती. आपल्या गाडीची तपासणी झाली, ती पास झाली, तर ती चालू शकते. भंगारवाला 'आता कायदाच आलाय' म्हणून भाव पाडत असेल तर त्याला हे ऐकवा.

पण सरकारने दुसरा दरवाजा शोधला. बंदी घालायची नाही, शुल्काने दमवायचे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या मालगाडीच्या फिटनेस प्रमाणपत्राचे शुल्क ७,५०० रुपये झाले, आणि आठ वर्षांवरच्या मालगाडीला हे प्रमाणपत्र दरवर्षी लागते. त्या वर्षीचा मालदांडी ज्वारीचा हमीभाव होता २,९९० रुपये. म्हणजे अडीच क्विंटल मालदांडी, तीही हमीभाव पदरात पडला तर. कापसात मोजा, मध्यम धाग्याचा हमीभाव ६,०८० रुपये होता, म्हणजे सव्वा क्विंटल कापूस. पांढऱ्या पाटीच्या चारचाकीचे फेरनोंदणी शुल्क ६०० होते, ते त्याच दिवशी ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केले. तपासणाऱ्याचे श्रम गाडीच्या वयाबरोबर वाढतात काय? नव्या गाडीचा ब्रेक तपासायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच जुन्या गाडीचा. मग ही तपासणीची फी नव्हे, वयाचा दंड आहे.

बदल्यात काय देऊ केले? भंगारात दिलेल्या गाडीला नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के आणि नवी मालगाडी घेताना रस्ता करात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट. नवी घेणाऱ्याला सूट, जुनी राखणाऱ्याला दंड. धोरण कोणाच्या कारखान्यासाठी आहे हे सांगायला अर्थशास्त्री नको.

नवी घ्या, हप्त्यावर मिळते, असे शहाणे सांगतात. हप्ता दर महिन्याला येतो. जिरायत शेतकऱ्याची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरली की फेब्रुवारी-मार्चला घरात येते, ती येईल तर. निरा डावा कालव्याखालच्या बागायतदाराला कारखान्याचे बिल आहे, दुधाचा दहा दिवसांचा पगार आहे. जनाई-शिरसाईच्या पाण्याची वाट बघणाऱ्या माणसाने मार्गशीर्षातला हप्ता कशातून भरायचा? जुनी गाडी महिनोन्महिने उभी राहिली तरी काही मागत नाही. पैसे आले की टायर, पुढच्या सुगीला क्लच प्लेट. आपल्या मिळकतीच्या चालीने चालणारे भांडवल आपल्याकडे एवढेच आहे, आणि नेमके तेच मोडीत काढा म्हणतात.

धुराचे काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, हे खरे आहे, आम्ही लपवत नाही. पण काळा धूर बहुतेक वेळा वयाचा नसतो, बिघडलेल्या नोझलचा आणि बुजलेल्या एअर फिल्टरचा असतो. आमच्या धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर दर पंधरवड्याला झटकावा लागतो आणि नोझल वेळेवर पंपवाल्याकडून तपासून घ्यावे लागते. शिवाय वर्षात सुगीचे चाळीस दिवस चालणारी गाडी आणि पुण्यात रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी यांचा धूर एका मापाने मोजणे हा कुठला न्याय? आमच्या मते धुराची परीक्षा कडक करा, ब्रेकची त्याहून कडक करा. जी नापास होईल ती खुशाल मोडा. वयाची परीक्षा घेऊ नका.

या भागाला हे सांगण्याचा अधिकारही आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक बाहेर पडले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर १९६९ पासून २००० पर्यंत बनली, तिच्यावर किती घरांची भाजी आणि किती वऱ्हाडे गेली याचा हिशेब नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी मालगाडी बनते. गाड्या बनवणारा जिल्हा आहे हा. लेथवर बसून बुश कातणारी, क्रॅंक ग्राइंड करणारी, पाटे ठोकणारी माणसे प्रत्येक बाजारगावात आहेत. तो हात टिकतो जुन्या गाड्यांवर. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीचे झाकण उघडले तर मिस्त्री म्हणतो, स्कॅनर लागेल, शोरूमला न्या. चाळीस किलोमीटरवरच्या शोरूमला, भरलेल्या सुगीत.

शरद जोशींनी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचे मागणे मांडले, त्याचा अर्थ आपण बियाण्यापुरता घेतला. नवे तंत्र वापरण्याचे स्वातंत्र्य हवे, ते हवेच. आपल्या मालकीचे यंत्र आपल्या हाताने उघडण्याचे स्वातंत्र्यही त्यातच येते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली तेव्हा मोटारींबरोबर शेतीची अवजारेही तिच्या यादीत होती. सरकारचा एक हात म्हणतो दुरुस्त करा, दुसरा म्हणतो दुरुस्त केलेली जाळा.

आमचे मागणे तीन ओळींत मावते. फिटनेसचे शुल्क सर्व वयांच्या गाड्यांना एकच ठेवा, परीक्षा हवी तेवढी कडक घ्या. शेतीचा ट्रॅक्टर केंद्रीय नियमांत मालवाहतुकीचे वाहन धरला जात नाही, तसाच आपल्याच रानातला माल वाहणाऱ्या शेतकऱ्याच्या एका पिकअपला वेगळा वर्ग द्या, भाडे मारताना सापडला तर सवलत काढून घ्या. आणि व्हिंटेजच्या नियमात मालगाडी घाला. शेवटचे मागणे काही जणांना हौसेचे वाटेल. आम्हालाही आधी वाटले होते. पण बैलगाडीच्या शर्यतीसाठी जे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यांनी बैलगाडीनंतर जिने आपला माल वाहिला तिला भंगाराच्या वजनावर का सोडावे?

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे पंधरा वर्षांवरची पिकअप, जीप, मॅटॅडोर किंवा टेम्पो आहे त्यांनी आरसी बुक आणि गेल्या तीन वर्षांच्या फिटनेसच्या पावत्यांची झेरॉक्स बरोबर आणावी. दंड आणि शुल्क वेगवेगळे लिहून आणावे, दलालाला दिलेले पैसे तिसऱ्या रकान्यात. बैठकीत सर्वांचे आकडे एका कागदावर घेऊन निवेदन तयार करू. आम्ही आमच्या एफसीनेच येणार आहोत, ज्याला ब्रेक खोलून बघायचे असतील त्याने पाना घेऊन यावे.