वरून सगळं सुंदरच दिसतं

धारूरच्या किल्ल्याची रील तुम्ही बघितली नसेल तरी डोळ्यासमोर आणू शकता. पावसाळ्यातला हिरवागार बालाघाट, तटबंदीवरून फिरणारा ड्रोन, मागे ढोल-ताशा आणि खाली ‘आपला इतिहास, आपला अभिमान’. तीस सेकंदांत अभिमान वाटून होतो आणि अंगठा पुढे सरकतो.

माझं भांडण रीलशी नाही. मी बीडचा, पुण्यात आयटीत काम करतो आणि मित्र आले की त्यांना हौसेने धारूर दाखवतो. भांडण ‘आपला’ या शब्दाशी आहे. आपला म्हणजे नक्की कुणाचा?

हा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाहीच्या किश्वरखानाने उभारला. निजामशाहीने तो घेतला, त्यात किश्वरखान मेला. १६३१ मध्ये तो मोगलांकडे गेला. दख्खनच्या या फौजांमध्ये मराठी माणसं सगळ्याच बाजूंना होती. तटावर मेलेला शिपाई कुणाचा होता, हे ड्रोनला कसं कळणार?

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन घ्या. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी तिथे निजामाला हरवलं. आज ही गोष्ट ‘आपण विरुद्ध ते’ अशी सांगितली जाते. पण त्या दिवशी मारला गेलेला निजामाचा दिवाण होता विठ्ठल सुंदर. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणं लुटलं तेव्हा नागपूरचे जानोजी भोसले निजामासोबत होते. लढाईआधी ते पेशव्यांकडे परतले. हे सांगितलं की रीलची हवाच जाते, म्हणून सांगत नाहीत.

कुणी म्हणेल, अडीचशे वर्षांपूर्वीच्या शिपायांची नावं आणायची कुठून? मान्य. मग १९४८ चं बोलू.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. रझाकारांनी मारलेल्यांची आठवण ठेवतो, ती ठेवलीच पाहिजे. पण पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर जे मारले गेले, ते बहुतांश मुसलमान होते. त्याची चौकशी केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. तिचा अंदाज संपूर्ण हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार मृत्यूंचा आहे. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. ही माणसं आपल्याच जिल्ह्यातली. त्यांची नातवंडं आपल्यासोबत शाळेत होती.

हा रोग फक्त आपलाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात ॲलिस स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीवर १९३४ मध्ये युद्धस्मारक उभं राहिलं. पर्यटक सूर्यास्त बघायला आजही वर जातात. पण त्याच्या फक्त सहा वर्षं आधी, १९२८ मध्ये, गावाच्या वायव्येला कोनिस्टन इथे पोलिसांच्या तुकडीने आदिवासींना गोळ्या घातल्या होत्या. सरकारी चौकशीने ३१ मृत्यू मान्य केले आणि गोळीबार योग्य ठरवला. दूर परदेशात लढलेल्यांसाठी टेकडी होती, शेजारी मेलेल्यांसाठी नव्हती.

‘जखमा कशाला उकरायच्या?’ हा ठरलेला प्रश्न येतोच. पण एकाच बाजूच्या जखमा आपण दरवर्षी माईक लावून उकरतो. त्याला उकरणं म्हणत नाही, कार्यक्रम म्हणतो. दुसऱ्या बाजूला मात्र विसरायला सांगतो. अशा विसरण्यातून सलोखा येत नाही. मनात राहिलेली गोष्ट निवडणूक आली की कुणीतरी आपल्या सोयीने वर काढतो.

माझं म्हणणं साधं आहे. मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना मानवंदना द्याच. त्यांच्या शेजारी आणखी एक दगड लावा. रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारले गेलेले, गावातली जी नावं मिळतील ती सगळी एकाच दगडावर, जात-धर्माचे रकाने न पाडता. त्या काळात शहाणी असलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि दरवर्षी कमी होतायत. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. गडावर जायला पुढचा पावसाळाही चालेल. या लोकांकडे मात्र याच रविवारी जा.