विश्लेषण : घरी कॅप्सूल एस्प्रेसो यंत्र घ्यावे का? यंत्र स्वस्त, कॅप्सूल महाग…

बटण दाबले की अर्ध्या-पाऊण मिनिटात एस्प्रेसो देणारी कॅप्सूल यंत्रे आता मुंबई-पुण्यापुरती उरलेली नाहीत. ऑनलाइन मागणी नोंदवली की ती वर्धा, हिंगणघाट, आर्वीतही घरपोच येतात. नेस्प्रेसोने २०२४ मध्ये भारतात येण्याची घोषणा केली आणि २०२५ मध्ये दिल्लीत पहिले दालन उघडले. बोनहोमिया, कॉफीझा या देशी नाममुद्रा त्याआधीपासूनच बाजारात आहेत. सणासुदीच्या सवलतींत ही यंत्रे भेट म्हणूनही घेतली जातात. मात्र खोक्यावर छापलेली किंमत हा या व्यवहारातला सर्वांत लहान आकडा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच मोठ्या अक्षरांत असतो.

हे यंत्र नेमके करते काय?

बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने, नव्वद अंशांच्या वर तापलेले पाणी पंचवीस-तीस सेकंद सोडले की एस्प्रेसो तयार होते. कॅफेतील यंत्रावर दळण किती बारीक, भुकटी किती दाबायची, वजन किती, हे सगळे माणसाच्या हातात असते. कॅप्सूलमध्ये हे निर्णय कारखान्यातच झालेले असतात. सुमारे पाच ग्रॅम भुकटी मोजून, दळून, हवाबंद डबीत भरलेली असते. यंत्र त्या डबीला भोके पाडते आणि पाणी ढकलते. त्यामुळे कॉफी बिघडवण्याची संधी कोणालाच मिळत नाही, सुधारण्याचीही नाही.

‘१९ बार’ हा आकडा खोक्यावर ठळक असतो. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आहे. भुकटीवर प्रत्यक्ष तेवढा दाब पडतो असे नाही आणि त्याची गरजही नसते. १५ बारचे यंत्र टाकून १९ बारचे घेण्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरा खर्च कुठे होतो?

एक कॅप्सूल ५० रुपयांना पडते असे धरू. पाच ग्रॅमला ५० रुपये, म्हणजे किलोला दहा हजार रुपये. चांगल्या मळ्याची भाजलेली कॉफी पाव किलोला पाचशे-सहाशे रुपयांत घेतली, तर किलोचा भाव दोन हजार ते चोवीसशे होतो. तिची दहा ग्रॅम भुकटी एका कपाला वापरली तरी खर्च २० ते २४ रुपये. चिकोरी मिसळलेली नेहमीची फिल्टर कॉफी तर याहून कितीतरी स्वस्त.

चौघांच्या घरात दिवसाला चार कॅप्सूल लागल्या तर रोजचे २०० रुपये, महिन्याचे सहा हजार आणि वर्षाचे ७३ हजार. यंत्र १५ हजारांचे असेल, तर त्याच्या किमतीएवढ्या कॅप्सूल ७५ दिवसांत संपतात. त्याच घरात पाहुण्यांसाठी आठवड्यातून चारदा यंत्र चालले तर महिन्याचा खर्च आठ-नऊशेच्या आसपास राहतो. म्हणून ‘कोणते यंत्र चांगले’ या प्रश्नाआधी ‘रोज किती कप’ हा प्रश्न सोडवायला हवा. दुकानदार तो विचारत नाही.

‘खुली’ आणि ‘बंद’ पद्धत म्हणजे काय?

निवडीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. नेस्लेचे अभियंता एरिक फाव्र यांच्या कल्पनेवर १९७६ मध्ये पेटंट घेतले गेले आणि १९८६ मध्ये नेस्प्रेसो बाजारात आली. पुढे या धंद्याचे गणित पक्के झाले : यंत्र एकदा विकायचे, कॅप्सूल आयुष्यभर. पेटंट असेपर्यंत ती कॅप्सूल दुसरे कोणी बनवू शकत नव्हते. नेस्प्रेसोला घराघरांत नेणारे तिचे माजी प्रमुख जाँ-पॉल गायार यांनीच पुढे कंपनीबाहेर पडून तिच्या यंत्रात चालणाऱ्या कॅप्सूल काढल्या आणि प्रकरण न्यायालयांत गेले. मूळ पेटंटांची मुदत संपत गेली, तसे इतर उत्पादक या बाजारात आले. फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाकडील प्रकरणात तर नेस्प्रेसोला २०१४ मध्ये प्रतिस्पर्ध्यांची अडवणूक न करण्याची हमी द्यावी लागली.

आज ‘ओरिजिनल’ या जुन्या आकाराच्या कॅप्सूल अनेक कंपन्या बनवतात, भारतीय कंपन्याही. त्याच कंपनीची ‘व्हर्चुओ’ ही पद्धत वेगळी आहे. तिच्यात कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड यंत्र वाचते आणि कॅप्सूल वेगाने फिरवून कॉफी काढते. मोठा मग भरायला ती सोयीची, पण कॅप्सूलसाठी ग्राहक जवळजवळ एकाच कंपनीच्या दारात उभा राहतो. नेस्कॅफे डोल्चे गुस्तो आणि लावाझाच्या काही यंत्रांच्या कॅप्सूल आणखी वेगळ्या. एकीची दुसरीत बसत नाही.

बंद पद्धतीचा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेत क्युरिगने २०१४ मध्ये परक्या कॅप्सूल ओळखून नाकारणारे यंत्र आणले. ग्राहक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कंपनीला काही अंशी माघार घ्यावी लागली. स्टारबक्सने २०१२ मध्ये ‘व्हेरिस्मो’ आणली आणि पुढे ती बंद करून टाकली. ज्यांच्या ओट्यावर ती होती त्यांचे यंत्र धडधाकट, पण कॅप्सूलचा पत्ता नाही. सिअ‍ॅटलच्या कंपनीच्या अमेरिकी ग्राहकावर ही पाळी येत असेल, तर आर्वीच्या ग्राहकाने किती कंपन्या आपल्या यंत्राच्या कॅप्सूल विकतात हे आधी मोजावे. तीनपेक्षा कमी निघाल्या तर यंत्र कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे.

वर्ध्याच्या पाण्या-विजेचा यात काय संबंध?

बराच. जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आहे. या खडकातले विहिरीचे आणि बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे जड असते. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच या यंत्राच्या बारीक नळ्यांत साचतो. आधी कॉफीची धार मंदावते, मग पंप कण्हू लागतो. कॉफीसाठी विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला साधारण १५० मिलिग्रॅम असलेले पाणी चांगले मानले जाते. ७५ ते २५० पर्यंत चालते. टीडीएस मोजण्याचा पेन स्वस्तात मिळतो. आकडा फार वर गेला तर आरओचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओच्या पाण्याची कॉफी यंत्राला मानवते, पण चवीला पडते. क्षार काढण्यासाठी कंपनीचे द्रावण किंवा पुस्तिकेत मुभा असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड वापरावे. व्हिनेगरने रबरी वायसर खराब होण्याची भीती असते.

विजेचे म्हणाल तर बिलावर फारसा ताण येत नाही. १३०० वॅटचे यंत्र अर्धा मिनिट चालले तर युनिटचा शंभरावा भागच खर्च होतो. अडचण वेगळी आहे. घरातला आठ-नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर हे यंत्र ओढू शकत नाही. उन्हाळ्यात भरदुपारी वीज गेली की कॉफीही गेली. दुरुस्तीसाठी यंत्र बहुधा नागपूरला किंवा कुरिअरने त्याहून दूर पाठवावे लागते. मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर गल्लीत सापडतो, या यंत्राचा पंप त्याच्याकडे नसतो. वॉरंटीत ने-आण कोणाच्या खर्चाने, हे विकत घेण्याआधी लेखी विचारणे म्हणूनच गरजेचे.

एक बाजू मात्र कॅप्सूलच्या पारड्यात टाकावी लागेल. वैदर्भीय उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट पावसाळ्यात उघडलेल्या पाकिटातली कॉफी झपाट्याने उतरते. हवाबंद अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत ती महिनोन्‌महिने टिकते. दिवसाला एकच कप पिणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

दुधाच्या कॉफीचे काय?

मराठी घरातली कॉफी म्हणजे जायफळ-वेलची घातलेली, भरपूर दुधाची. ४० मिलिलिटर एस्प्रेसो १५० मिलिलिटर म्हशीच्या दुधात घातली की तिची चव शोधावी लागते. मग एका कपाला दोन कॅप्सूल लागतात आणि कप शंभर रुपयांवर जातो. दुधाला फेस आणणारे जोडयंत्र वेगळे घ्यावे लागते. ज्या घरात काळी कॉफी कोणीच पीत नाही, त्या घराने हे यंत्र घेऊ नये. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर किंवा गॅसवर ठेवायचे मोका पॉट त्या घराला जास्त शोभते. मोका पॉटचा दाब एस्प्रेसोइतका नसतो, पण दुधाला पुरेल इतकी कडक कॉफी ते देते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते; ती मोका पॉटमध्ये चालते, कंपनीच्या तयार कॅप्सूलमध्ये मिळत नाही. फिरून भरता येणाऱ्या स्टीलच्या कॅप्सूल आहेत, पण दळण नेमके जमले नाही तर त्यांतून पाणचट काढा येतो.

रिकाम्या कॅप्सूलचे काय करायचे?

जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशाने कॅप्सूल कॉफी घेण्यावर बंदी घातली, ती कचऱ्याच्याच कारणाने. अ‍ॅल्युमिनियमची रिकामी कॅप्सूल साधारण एक ग्रॅमची. रोजच्या चार धरल्या तर वर्षाला १,४६० कॅप्सूल आणि जेमतेम दीड किलो धातू. भंगारवाला तो घेईल, पण चोथा काढून, धुऊन दिला तरच. ओला चोथा आत असलेली कॅप्सूल ओल्या कचऱ्यातही बसत नाही आणि सुक्यातही नाही. प्लॅस्टिकच्या कॅप्सूलला तर भंगारातही मोल नाही. ‘कंपोस्ट होणारी’ असे लिहिलेल्या अनेक कॅप्सूल औद्योगिक खतप्रकल्पाच्या उष्णतेतच कुजतात, परसातल्या खड्ड्यात नाही.

वस्तू कुठून आली आणि तिचा उरलेला भाग कुठे जाणार, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला तो अशाच प्रश्नांवर, जे. सी. कुमारप्पांनी त्यांतून टिकाऊपणाचे अर्थशास्त्र मांडले. गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मवर तर सकाळी सहाला भाकरीच्या जोडीला भाजलेल्या गव्हाची कॉफी असे. तिथवर आज कोणी जाणार नाही, जायची गरजही नाही. पण चोथा कुंडीत आणि डबी भंगारात टाकायची दोन मिनिटांची तयारी नसेल, तर या यंत्राची ‘सोय’ नगर परिषदेच्या सफाई कामगाराच्या माथी जाते.

मग कोणी घ्यावे, आणि फसगत झाली तर?

दिवसाला एक-दोन कप, तेही काळी कॉफी, घरी एक किंवा दोनच पिणारे आणि सकाळी वेळेची ओढ. सेवाग्रामच्या रुग्णालयात पाळीवर जाणारा डॉक्टर असो की घरून काम करणारी अभियंता, त्यांना हे यंत्र उपयोगी पडेल. ओरिजिनल आकाराचे, साधे, दुधाच्या जोडणीशिवायचे यंत्र पुरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत कॅफीनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि जेवणाच्या तासभर आधी व नंतर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. बटण इतके सोपे असल्यावर हे ध्यानात ठेवावे लागते.

ऑनलाइन घेतलेले यंत्र बिघडले आणि विक्रेता दाद देईनासा झाला, तर दिल्ली-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल, वॉरंटी कार्ड आणि खोके उघडतानाचा मोबाइलवरचा व्हिडीओ एवढे मात्र जपून ठेवावे.