बेडकाचे घर आणि माणसाचे घर

वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन आटोपले की पाच-दहा मिनिटे इकडच्या तिकडच्या गोष्टी निघतात. गेल्या आठवड्यात बाहेर पाऊस कोसळत होता आणि विहाराच्या पायरीवर एक बेडूक येऊन बसला. पोरांनी लगेच चपला उचलल्या. एका आजीने त्यांना दटावले, “अरे, पावसाचा पाहुणा आहे तो. बसू द्या की त्याला!” पोरे थांबली. तेवढे निमित्त साधून आम्ही त्यांना श्रीलंकेतल्या एका हरवलेल्या बेडकाची गोष्ट सांगितली.

मुले रंगून गेली. पण भिंतीला टेकून बसलेले, गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेले एक काका मध्येच म्हणाले, “तुमचं सगळं खरं हो. पण आमची झोपडी पाडली तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. माणसाला धड एक खोली मिळत नाही आणि तुम्ही बेडकाच्या घराची काळजी करताय!”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. काका चुकीचे बोलले नव्हते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याने बेडकाचा विचार का करावा? म्हणून आज या सदरात ती गोष्ट पुन्हा, जरा सविस्तर सांगतो आणि काकांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

श्रीलंकेच्या डोंगराळ भागात आणि नैर्ऋत्येकडच्या ओल्या जंगलात झुडपांवर राहणारे लहान लहान बेडूक आहेत. शास्त्रज्ञ त्यांच्या कुळाला ‘स्यूडोफिलॉटस’ म्हणतात. आपण त्यांना झुडूपबेडूक म्हणू. यातले कित्येक बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नसतात. बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात, त्यामुळे ओल्या पानावरही ते घट्ट चिकटून बसतात.

शाळेत आपण शिकलो की बेडूक पाण्यात अंडी घालतो, त्यातून शेपटीवाले मासोळीसारखे पिल्लू निघते, त्याला पाय फुटतात, शेपटी जाते आणि बेडूक होतो. या झुडूपबेडकांचे तसे नाही. त्यांना डबकेही लागत नाही आणि तळेही लागत नाही. बहुतेक जातींतली मादी जंगलातल्या जमिनीवर, पालापाचोळ्याखाली, मातीत छोटासा खळगा करते. त्यात मोजकीच अंडी घालते, ती मातीत कालवते आणि वरून झाकून टाकते. आपल्या आया-बहिणी गावाकडे बियाणे राखेत घोळवून ठेवत, तशातलाच हा प्रकार. अंडे मातीच्या रंगाचे झाले की खाणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. काही आठवड्यांनी त्या अंड्यातून शेपटीवाले पिल्लू निघत नाही, तर तांदळाच्या दाण्याएवढा का होईना, पण पुरता बेडूकच बाहेर पडतो!

आता यातली मेख लक्षात घ्या. पाणी नको असले तरी ओल हवी. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो, ती कातडी सुकली की तो संपला. अंड्याला कवच नसते, माती सुकली की अंडेही संपले. ही ओल कोण राखते? वरची झाडे. झाडांची सावली पाचोळ्यावर पडते, पाचोळा मातीला झाकतो आणि माती अंड्यांना सांभाळते. वरचे झाड तोडले की ऊन थेट खाली येते आणि चार दिवसांत पाचोळा पापडासारखा कुरकुरीत होतो. बेडकाला कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी त्याचे घर गेले आणि वंशही गेला. बरे, शेजारच्या डोंगरावर जंगल असले तरी तो तिथवर पोहोचणार कसा? मध्ये मैलभर उघडा मळा असला, तर त्याच्यासाठी तो वाळवंटच.

हे झाले कसे? १८४० साली इंग्रज सरकारने त्या बेटावर एक कायदा केला. जे रान आहे, जी जमीन पडीक आहे, तिच्यावर मालकीचा पुरावा नसेल तर ती सरकारची, असे तो कायदा सांगत होता. पिढ्यान्‌पिढ्या रानाच्या आधाराने जगणाऱ्या शेतकऱ्यांकडे कागद कुठले? डोंगरच्या डोंगर सरकारजमा झाले आणि मळेवाल्यांना विकले गेले. आधी कॉफी लावली. १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत कॉफी बुडाली. मग चहा आला. चहाने उरलेले डोंगरही खाल्ले. बेटाच्या ओल्या भागातले मूळ जंगल आज शंभरातले जेमतेम पाच भाग उरले आहे.

या झुडूपबेडकांच्या डझनाहून अधिक जाती कायमच्या गेल्या. जगात ज्या बेडकांची ‘नामशेष’ म्हणून नोंद झाली, त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या श्रीलंकेतले आहेत. त्यांचे मृतदेह परदेशातल्या संग्रहालयांत बरण्यांमध्ये राहिले, जंगलात मात्र आवाज राहिला नाही.

आता त्या हरवलेल्या बेडकाची गोष्ट. सिलोनमध्येच जन्मलेले केलार्ट नावाचे एक लष्करी डॉक्टर होते. नुवारा एलिया या डोंगरी भागात त्यांना एक हिरवा झुडूपबेडूक मिळाला. त्याच्या अंगावर फिकट पांढरट-गुलाबी ठिपके होते, जणू चांदण्या. १८५३ साली त्यांनी त्याची नोंद केली. नावही चांदण्यांवरून दिले, ‘स्टेलॅटस’. तो एकुलता एक नमुना पुढे हरवला आणि बेडूक पुन्हा कुणाला दिसला नाही. अखेर तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पण २००९ मध्ये श्रीलंकेचेच संशोधक मेंडिस विक्रमसिंघे आणि त्यांचे सहकारी श्रीपाद डोंगराच्या जंगलात रात्री हिंडत असताना चांदण्यांचा तो बेडूक पानावर बसलेला सापडला! १५६ वर्षांनी! याच मंडळींनी त्याच जंगलातून झुडूपबेडकांच्या आठ नव्या जाती शोधून २०१३ मध्ये जाहीर केल्या. त्यातल्या एकीला त्यांनी पुरन अप्पू याचे नाव दिले. १८४८ साली इंग्रजांच्या करांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा हा पुढारी. त्याला कँडीत गोळ्या घालून मारले होते. ज्या राजवटीने रान हिरावले तिच्याशी लढलेल्या माणसाचे नाव आज त्या रानातला बेडूक चालवतो आहे, हे आम्हाला फार आवडले.

पण सापडला म्हणजे वाचला असे नाही. त्याचे राहण्याचे रान एवढेसे आहे की तो आजही अतिशय धोक्यात असलेल्या जातींत मोडतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. जंगल तोडून मळे उभे केले ते कुणाच्या हातांनी? मळेवाल्यांच्या हातांना तर फोडही आला नाही. तमिळ मुलखातून माणसे नेली गेली. दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेली ही माणसे होती आणि त्यांच्यात मोठा भरणा अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातींचा होता. कंगाणी नावाचा मुकादम उचल देऊन त्यांना बांधून घेई. समुद्र ओलांडून, मग रानातून दिवसेंदिवस चालत ती डोंगरापर्यंत जात. वाटेत तापाने आणि पटकीने कितीतरी मेली. जी पोहोचली त्यांना राहायला मिळाली एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची लांबच लांब ओळ. एका खोलीत एक कुटुंब. काकांना चाळ आठवेल!

पुढे १९४८ साली बेट स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. या कायद्याने मळ्यावरची सुमारे सात लाख माणसे कुठल्याच देशाची राहिली नाहीत. चार पिढ्या तिथे राबल्या, पण त्यांना मत नाही आणि देश नाही. १९६४ साली भारत आणि सिलोनच्या पंतप्रधानांनी करार केला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख त्यांनी ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू, अशी वाटणी झाली. माणसांची अशी पोत्यांसारखी वाटणी! उरलेल्यांना नागरिकत्व देण्याचा कायदा व्हायला २००३ साल उजाडले.

तेव्हा काका, बेडकाचे घर गेले ते माणसाला घर देण्यासाठी गेले नाही. ते नफ्यासाठी गेले. ज्या हाताने बेडकाचे घर मोडले, त्याच हाताने मजुराला दहा बाय बाराच्या खोलीत कोंबले. दोघांकडेही कागद नव्हता, म्हणून दोघांचीही जागा सहज गेली. बेडूक आणि मजूर एकमेकांच्या वाट्याचे खात नाहीत. दोघांचा सातबारा हिसकावणारा एकच आहे. जंगल गेल्यावर दरडी कोसळतात आणि झरे आटतात, तेव्हा पहिला मारही डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या गरिबालाच बसतो.

या गोष्टीचा आपल्या वर्षावासाशीही संबंध आहे. वर्षावास सुरू का झाला? विनयपिटकात कारण दिले आहे. भिक्खू भर पावसात फिरत, तेव्हा लोकांनी तक्रार केली की यांच्या पायाखाली हिरवे गवत तुडवले जाते आणि लहान लहान जीव मरतात. पावसात पाखरेसुद्धा घरटी करून एका जागी राहतात, मग यांना का राहवत नाही? भगवंतांनी ही तक्रार ऐकून घेतली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम केला. भिक्खूंनी जमीन खणू नये, झाडे तोडू नयेत, असेही नियम आहेत. पाचोळ्याखालच्या अंड्यांचे वाचून हे नियम आम्हाला नव्याने कळले. पाय कुठे पडतो ते पाहून चालावे, एवढाच त्याचा साधा अर्थ.

आणि ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे. श्रीपाद डोंगरावर बुद्धांचे पाऊल उमटले अशी तिथल्या बौद्धांची श्रद्धा आहे. डिसेंबर ते मे या काळात लाखो यात्रेकरू रात्रभर पायऱ्या चढून जातात. त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या त्याच जंगलात राहतात. बुद्धांच्या पावलाला वंदन करायला जाताना आपल्या पावलांनी घाण करावी, याला काय म्हणावे? पण त्यांना नावे ठेवण्याआधी आठवून पाहा, लेण्यांवर सहलीला गेल्यावर आपल्या पोरांच्या वेफर्सच्या पिशव्या कुठे गेल्या?

आपल्या लेण्यांचा सह्याद्री हे या झुडूपबेडकांच्या सख्ख्या भावंडांचे घर आहे. ‘राओर्चेस्टिस’ नावाचे ते कूळ. तेही अंड्यातून थेट बेडूक होऊनच बाहेर येते. पावसाळ्यात अंधार पडला की घाटातल्या झुडपांतून टिक टिक असा आवाज येतो. आपल्याला वाटते किडा आहे. कितीदा तो नखाएवढा बेडूक असतो! महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतली त्यांची एक नवी जात अगदी अलीकडे, २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. म्हणजे आपल्या अंगणात कोण राहते हेही आपल्याला अजून पुरते ठाऊक नाही.

लोकांनी मनावर घेतले तर रान वाचते. श्रीलंकेतच सिंहराजा नावाचे जंगल आहे. प्लायवूडसाठी तिथे यंत्रांनी झाडे पाडायला सुरुवात झाली होती. लोकांनी ओरड केली आणि १९७७ मध्ये ती तोड थांबली. १९८८ मध्ये ते जंगल जागतिक वारसा ठरले. आज तिथे झुडूपबेडूक ओरडतात.

मायभगिनींनो, आपल्याला फार मोठे काही करायचे नाही. पोरांनी बेडकावर दगड उचलला तर त्यांचा हात धरा. लेण्यांवर जाताना एक रिकामी पिशवी न्या आणि आपला कचरा भरून परत आणा. विहाराच्या आवारातल्या झाडाखालचा पाचोळा पेटवू नका, तिथेच कुजू द्या. आणि जिथे झोपडी पाडायला येतील तिथे झोपडीसाठी आणि जिथे रान पाडायला येतील तिथे रानासाठी उभे राहा. दोन्ही लढे एकच आहेत.

हा मजकूर छापायला देण्याआधी आम्ही काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ते खोल्यांच्या ओळीचं सांगितलंत ना, ते पोरांनाही सांगा. नुसता बेडूक सांगू नका.” सांगू, काका. येत्या पौर्णिमेला दोन्ही सांगू.

जय भीम!