मुरुडची वाट

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या दक्षिणेस, मुरुड नावाचे एक गाव समुद्रकाठी वसलेले आहे. जंजिऱ्याच्या किल्ल्यापाशी असलेले मुरुड ते हे नव्हे. ते रायगड जिल्ह्यात आहे, आणि नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. दापोलीच्या मुरुडात गावाच्या मध्यातून एक रस्ता जातो. त्याच्या दोन्ही अंगांस घरे आणि घरांमागे माडा-पोफळींच्या वाड्या आहेत. पश्चिमेच्या वाड्या ओलांडल्या की पुढे पुळण आणि पुळणीपलीकडे समुद्र. घर, वाडी, विहीर आणि वाट यांची अशी नीट मांडणी आपोआप होत नसते. ज्या कोणी पहिल्यांदा येथील रान मोकळे करून वस्ती केली, त्यांनी पाणी कोठून येईल, वारा कोठून येईल आणि माणसे कोठून जातील याचा विचार केला असला पाहिजे. नगररचना हा शब्द मोठमोठ्या शहरांसाठी वापरतात. परंतु ती विद्या लहान गावांनाही ठाऊक होती.

या गावी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १८५८ साली शेरवली या आजोळच्या गावी झाला, तरी त्यांचे घर मुरुडचे. १८७५ सालच्या पावसाळ्यात त्यांना शाळेच्या एका सार्वजनिक परीक्षेस बसावयाचे होते. पावसाळ्यात कोकणची जलवाट बंद होई, कारण खवळलेल्या समुद्रात कोणी तारू घालीत नसे. तेव्हा सतरा वर्षांचा हा मुलगा काही सोबत्यांबरोबर पायीच साताऱ्यास निघाला. कुंभार्ली घाट चढून, भर पावसात, शंभराहून अधिक मैलांची ती वाट त्यांनी थोड्याच दिवसांत तुडवली. परीक्षेच्या ठिकाणी पोहोचल्यावर काय झाले? अंगाने लहानखोर असलेल्या या मुलाचे वय सतरा दिसत नाही, असे म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही! पुढे ज्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ज्यांना भारतरत्न हा किताब मिळाला, त्यांची ही हकिकत आहे. कर्वे यांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून ती नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे. वाट नसली म्हणजे गावातल्या हुशार मुलाला काय किंमत मोजावी लागते, ते तिच्यावरून कळते. म्हणून कोकणच्या खेड्यांना रस्ते नकोत, जुने तेच बरे, असे जे कोणी म्हणतात, त्यांनी आधी एकदा पावसाळ्यात कुंभार्ली घाट पायी चढून पाहावा.

त्या काळी कोकणची खरी सडक म्हणजे समुद्र. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत रत्नागिरीकडे जाई. बहुतेक ठिकाणी बोट थेट काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, आणि होड्या व पडाव उतारूंना तिच्यापर्यंत नेत. म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेऊन होडीत बसवावे लागे. या बोटींनी कोकणातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत नेले आणि परत येताना त्यांची पत्रे व मनिऑर्डरी आणल्या. बोटीच्या वाटेत संकटेही होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतारूंच्या बोटी हळूहळू बंद पडल्या, आणि समुद्राकडे तोंड करून बसलेली ही गावे आपली मान वळवून डोंगराकडे, म्हणजे सडकेकडे, पाहू लागली.

१ जून १९४८ रोजी सरकारी एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) धावली. नंतरच्या वर्षांत तशाच गाड्या कोकणच्या खेड्यापाड्यांतून पोहोचल्या. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची ती ७४१ किलोमीटरची वाट बांधताना डोंगर फोडून ९१ बोगदे काढावे लागले. ही रेल्वे मुरुडच्या जवळून मात्र जात नाही. खेड स्थानकावर उतरून दापोलीवरून रस्त्यानेच यावे लागते. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. तोवर दाभोळच्या मोटारीला समोर दिसणाऱ्या काठावर जाण्यासाठी चिपळूणचा मोठा वळसा पडे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा सागरी महामार्गही आखला गेला आहे, आणि त्यासाठी खाड्यांवर मोठे पूल योजिले आहेत.

कर्वे यांच्या बालपणी मुरुडहून बाहेर जाणे कठीण होते. आता बाहेरच्यांना मुरुडला येणे सोपे झाले आहे. शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या मोटारी गावाच्या त्या एका रस्त्यावर दाटीवाटीने उभ्या राहतात. कोणी डॉल्फिन पाहावयास येतो, कोणी लाटांत खेळावयास. गावातील कित्येक घरांना यातून उत्पन्न मिळते. आमसुले, कोकमाचे सरबत, आंबापोळी यांना घरबसल्या गिऱ्हाईक लाभते, आणि एके काळी मुंबईस गेला असता असा तरुण गावातच राहून संसार करतो. हा लाभ लहान नाही. त्याची थट्टा करण्याचा अधिकार शहरात पगार घेणाऱ्यांना तर मुळीच नाही.

अडचण निराळीच आहे. मोटारी वाढल्या की कोणीतरी म्हणतो, रस्ता रुंद करा. पण मुरुडसारख्या गावात रस्ता रुंद करणे म्हणजे काय? दोन्ही बाजूंचे जांभ्या दगडाचे गडगे पाडणे, अंगणे अर्धी करणे आणि कडेचे माड तोडणे. ज्या गावाचा देखावा पाहावयास माणसे येतात, तोच देखावा त्यांच्या मोटारी उभ्या करण्यासाठी मोडून टाकावयाचा, असा हा व्यवहार आहे.

असा व्यवहार पूर्वी दुसऱ्या एका गावाने करून पाहिला आहे. ते गाव फार दूरचे आहे, आणि मुरुडहून कितीतरी मोठे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. कोडॅक कॅमेऱ्याचा कारखाना म्हणून त्याची जगात कीर्ती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे मोटारी भराभर वाढल्या, तेव्हा शहराच्या मधल्या पेठेभोवती एक रुंद वर्तुळाकार महामार्ग बांधण्यात आला. १९६५ साली तो पूर्ण झाला. त्यासाठी शेकडो घरे आणि दुकाने पाडली गेली. काही भागात हा मार्ग जमिनीत खोल खणून नेला होता, त्यामुळे किल्ल्याच्या खंदकासारखी एक चर पेठेच्या आणि शेजारच्या वस्त्यांच्या मध्ये पडली. मोटारींची सोय झाली खरी. पण त्या मोटारींत बसून माणसे शहराबाहेर राहावयास गेली. १९५० साली रॉचेस्टरची वस्ती ३ लाख ३२ हजारांच्या घरात होती. २०२० साली ती २ लाख ११ हजारांवर आली. या घटीला हा रस्ता एकटाच कारण झाला असे म्हणता येणार नाही. कारखान्यांचे दिवस पालटले, इतरही कारणे होती. परंतु त्या शहराने स्वतःच अखेर काय केले ते पाहावे. २०१४ ते २०१७ या काळात त्या महामार्गाचा पूर्वेकडील भाग त्यांनी मातीने भरून काढला आणि तेथे साधा, पायी चालण्याजोगा रस्ता व नवी घरे केली. म्हणजे एका पिढीने पैसे खर्चून खणले, आणि तिच्या नातवंडांनी पुन्हा पैसे खर्चून बुजवले! खंदक बुजवता आला, पण पाडलेली जुनी घरे कोणाला परत मिळाली नाहीत.

मुरुडच्या वाड्यांचेही असेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत त्याने माडा-पोफळींच्या बागा अक्षरशः आडव्या केल्या. आजोबांनी लावलेली झाडे एका दिवसात पडली. नवे रोप लावले तर पोफळीला किंवा माडाला फळ धरावयास पाच-सात वर्षे तरी लागतात. मोडलेल्या वाडीच्या मालकाला त्या वर्षांत कोणी चांगला भाव देऊ केला, आणि तेथे खोल्या बांधण्याचा बेत सांगितला, तर त्याने नाही कसे म्हणावे? त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे कठीण. म्हणून सारा भार एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. भरतीच्या रेषेजवळ कोठे व काय बांधावे यावर निर्बंध घालणारा किनारपट्टीचा नियम केंद्र सरकारने १९९१ साली प्रथम केला. पुढे तो वेळोवेळी बदलला. असा नियम पाळला गेला तर वाऱ्याच्या पहिल्या तडाख्याला तोंड देणारी झाडे जागेवर राहतात. तो मोडला तर समुद्राच्या तोंडाशी झाडांऐवजी भिंती उभ्या राहतात, आणि भिंत वाऱ्यात वाकत नाही.

पुळणीचाही प्रश्न आहे. काही उत्साही मंडळी आपली मोटार थेट ओल्या वाळूवर नेतात आणि भरती आली की ती तेथेच रुतते. मग गावातील माणसांनीच दोर लावून ती ओढावी! ही फजिती पाहून हसू येते. परंतु दापोली तालुक्याच्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालावयास येतात. वाळूखालची घरटी चाकांना दिसत नाहीत.

तेव्हा काय करावे? मोटारींसाठी गावाच्या वेशीबाहेर, वाड्या नाहीत अशा ठिकाणी, मोकळी जागा राखावी. पाहुण्याने तेथून चालत यावे. समुद्र दहा पावले दूर राहिला म्हणून कोणाचे सुख उणे होत नाही. मधला रस्ता आहे तेवढाच ठेवून तो खड्ड्यांवाचून ठेवावा. आणि सर्वांत आधी एस. टी. च्या वेळा नीट कराव्यात. दापोलीच्या शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले, दवाखान्यात जाणारे म्हातारे आणि बाजारास निघालेल्या बाया यांच्या दृष्टीने चारपदरी रस्त्यापेक्षा वेळेवर येणारी एक गाडी अधिक मोलाची आहे. हा खर्चही थोडा. मात्र मोठा पूल बांधला की त्याचे उद्घाटन होते. वेळेवर आलेल्या गाडीचे उद्घाटन कोणी करीत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

गावाने आपले आपण ठरवावे ही कल्पना मुरुडला नवी नाही. १८८६ साली कर्वे यांनीच ‘मुरुड फंड’ सुरू केला होता. गावाबाहेर नोकरीस गेलेल्यांनी आपल्या मिळकतीतून थोडे थोडे द्यावे आणि त्या पैशातून गावाची सार्वजनिक कामे व्हावीत, असा त्यांचा हेतू होता. आज त्या कामासाठी ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे. रस्त्याचा नकाशा तिच्यापुढे पसरला जाईल, तेव्हा त्यावर वाड्या केवळ हिरव्या रंगाने दाखवलेल्या असतील. कोणती पोफळ कोणी लावली, कोणत्या विहिरीचे पाणी मे महिन्यातही आटत नाही, हे त्या नकाशात नसते. ते सांगणारी माणसे सभेस हजर असावी लागतात.

वादळानंतर लावलेल्या पोफळी अजून कोवळ्या आहेत. काहींना नुकती कोठे सुपारी धरू लागली असेल. उद्या कोणी मोजणीची साखळी घेऊन गडग्यापाशी आला, तर ही झाडे साखळीच्या कोणत्या बाजूस राहतील, हे अजून ठरावयाचे आहे.