हवेचा विरोध नगण्य मानू

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्यसन लागतंच. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी पनवेलच्या एस. टी. स्टँडवर बसून गाड्या किती उशिरा सुटतात ते मोजतो. मी सल्ला देतो. फुकट देतो, न मागता देतो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून देतो.

आमच्या कळंबोलीच्या गॅलरीतून दोनच गोष्टी दिसतात. एका बाजूला लोखंड बाजाराकडे निघालेले ट्रक आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीचं मागचं लांबट पटांगण. ट्रकवाल्यांना सल्ला ऐकू जात नाही. तेव्हा उरली पटांगणात फुटबॉल खेळणारी पोरं. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाचे काही सामने जवळच नेरूळला झाले, तेव्हापासून त्यांच्या अंगात हे वारं शिरलं. २०२२ साली मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच झाला, मग पोरीही उतरल्या.

एका रविवारी आमच्या इमारतीचा गोलकीपर जमिनीवरचा चेंडू लाथाडायच्या तयारीत होता. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. राहवेना. वरून ओरडलो, "अरे, ४५ अंशांत मार! सगळ्यांत लांब जातो!"

पोरगं आज्ञाधारक. मारला त्यानं. चेंडू डौलात वर गेला, माझ्या गॅलरीपाशी त्यानं क्षणभर विश्रांती घेतली, समोरून वारा आला आणि निम्म्या पटांगणातच तो प्रतिपक्षाच्या पायाशी येऊन पडला. पुढच्या चार सेकंदांत गोल. पोरानं वर पाहिलं. चिडला नाही. नुसतं विचारलं, "काका, तुमच्या पुस्तकात वारा नसतो का?"

खोटं कशाला बोला, त्या रात्री झोप लागली नाही. कपाटातून जुनं पुस्तक काढलं. प्रक्षेपकाचं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत आरोपी सापडला : 'हवेचा विरोध नगण्य मानू.' बत्तीस वर्षं ही ओळ मी फळ्यावर लिहिली आणि दर वेळी जराशा घाईनंच लिहिली.

तेव्हा माझं आजचं भांडण या ४५ अंशांशी आहे. हा आकडा मोठ्या घराण्यातला आहे, हे मान्य. तोफेचा गोळा ४५ अंशांत सर्वांत लांब जातो, असं तार्ताल्यानं १५३७ सालीच लिहून ठेवलं होतं. गॅलिलिओनं १६३८ साली त्याचं गणित मांडलं. पण गॅलिलिओ सज्जन माणूस. हवा आडवी येते, हे त्यानं त्याच ग्रंथात कबूल केलं. आपण त्याचा आकडा घेतला आणि कबुली सोडून दिली.

आता हिशेब बघा. ताशी ९० किलोमीटर वेगानं, म्हणजे सेकंदाला २५ मीटरनं, चेंडू ४५ अंशांत मारला तर पुस्तकात तो ६४ मीटर जातो. पण चेंडूचं वजन जेमतेम ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर चांगला ७० सेंटिमीटरचा. त्या वेगाला हवा त्याला वजनाच्या निम्म्याच्या घरात तरी मागे ढकलते. हिला नगण्य म्हणायचं? लग्नात निम्मी पंगत उठवून नेणाऱ्या पाहुण्याला आपण नगण्य म्हणतो का?

दुसरी लबाडी याहून मोठी. पुस्तक धरून चालतं की, कुठल्याही कोनात मारा, वेग तोच राहणार. तोफेचं ठीक आहे. पाय म्हणजे तोफ नव्हे. जमिनीवरचा चेंडू उंच उडवायचा तर पाय त्याच्या बुडाखाली घालावा लागतो. त्यात काही जोर चेंडूला मागची फिरकी देण्यात जातो आणि पुढे जायला कमी उरतो. ही फिरकी मात्र गुणी. ती चेंडूला हवेत थोडा उचलून धरते, म्हणून कोन कमी ठेवूनही चालतं. हातातून सोडून मारलेल्या चेंडूला ४५ च्या आसपासचा कोन मानवतो, कारण तिथे पायाला खाली शिरायला जागा असते. पण रेषेबाहेरून दोन्ही हातांनी फेकायचा चेंडू मोजला गेला, तेव्हा लिन्थॉर्न नावाच्या संशोधकाला २००६ साली उत्तर मिळालं सुमारे ३० अंश. शरीराला वर ढकलण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं जातं, एवढंच त्यामागचं रहस्य.

आणि वेळ? पुस्तकातही ३० आणि ६० अंशांचे चेंडू एकाच जागी पडतात. पण त्या वेगाला ३० वाला अडीच सेकंदांत पोचतो आणि ६० वाला जवळजवळ साडेचार. तेवढ्यात समोरचा गडी पान जमवून चेंडूखाली हजर.

लहानपणी आम्ही विटीदांडू खेळायचो. विटी किती उंच उडवून किती आडवी टोलवायची, हे कोनमापक न बघता मनगटाला कळायचं. मग शाळेत गेलो आणि विसरलो. आता मी पोराला सांगितलं, "तुझ्या पायाला वाटेल तसा मार." पुढच्या रविवारी त्यानं खालून, ३०-३५ अंशांत सणसणीत मारला. चेंडू पार पलीकडच्या टोकाला गेला. मी गॅलरीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. आतून हिनं विचारलं, "अहो, दूधवाला आला का?"

इथं लेख संपायला हवा होता. पण मागच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. विषय एकच : मागच्या पटांगणात मोटारी लावायला पट्टे आखणे. मी उभा राहिलो. म्हटलं, चेंडूला उतरायला जमीन लागते. आठ-दहा मीटरच्या बोळात पोरांना चेंडू उभाच मारावा लागेल, तो गच्चीवर जाईल, मग तुम्ही चेंडूवरच बंदी घालाल. गॅलिलिओ सांगितला, हवा सांगितली, फिरकी सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकलं. एकानं जांभईसुद्धा हाताआड दिली.

काल इतिवृत्त हातात आलं. त्यात लिहिलंय : 'एका सभासदाचा विरोध. नगण्य मानून ठराव मंजूर.'

सचिवांचं अक्षर ओळखीचं वाटलं. चौकशी केली. माझाच विद्यार्थी निघाला.